सासऱ्यांची आणि माझी एकच गोळी

मिठागरात काम करणाऱ्या बाईचे पाय सुजले तर त्यात बघण्यासारखं काही नसतं. आमच्या गावात सगळ्यांचेच पाय तसे होते. थंडी सरली की पाऊस तोंडावर येईपर्यंत माणसं खाऱ्या पाण्यात उभी. टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यांत चिरा आणि घोट्यावर टम्म सूज. डोकं दुखणंही रोजचंच. पांढऱ्या मिठावरून ऊन उसळून डोळ्यांत जायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. कोणी कुरकुर केली तर बाकीच्या बाया हसायच्या. "मिठान रहायचं नि डोकं दुकतं म्हनायचं?"

म्हणून माझी आई सातव्या महिन्यात म्हणाली की पाय भरलेत, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, तेव्हा कोणी मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही. तिनेही दोनदा सांगितलं नाही. घरी बसली असती तर चूल कशी पेटणार होती?

पनवेल आणि उरणच्या मध्ये, खाडीला लागून आमचं गाव. वडील ट्रकमध्ये मीठ भरायचे. आई वाफ्यातलं मीठ ओढून बांधावर आणायची. मी नुकती शाळेत जायला लागले होते. त्या दिवशी मी आईची भाकरी आणि सुकट घेऊन बांधावर गेले. मला बघून ती हसली, हातातलं फावडं खाली ठेवलं आणि बसता बसता आडवी झाली. दातांवर दात घट्ट, डोळे पांढरे, हातपाय झाडत होती. बाया धावल्या. एकीने नाकाशी कांदा फोडून धरला. दुसरी म्हणाली, "खाडीवरचं लागलं गो हिला." त्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

आईला भगताकडे नेलं. त्याने लिंबू कापलं, भात उतरवून टाकला. तिथे दुसरा झटका आला, तेव्हा वडील कोणाचं न ऐकता उठले आणि मिठाच्याच ट्रकमध्ये घालून तिला पनवेलच्या दवाखान्यात घेऊन गेले.

आई वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगा होता.

पुढे बरेच दिवस आईला धूसर दिसायचं. आजी आल्यागेल्याला सांगायची, "पोटुशी असताना खाडीच्या बाजूला मोकल्या केसांनी गेली, म्हनून झालं." आईने ते ऐकून घेतलं. नुसतं ऐकलं नाही, मानलं. त्या दिवसानंतर आईला मोकळ्या केसांनी उंबऱ्याबाहेर पडताना मी पाहिलेलं नाही. तिला पुन्हा दिवस गेले नाहीत. वडिलांना लोक दुसऱ्या लग्नाचं सुचवायचे. वडील चपला घालून बाहेर जायचे, ते बोलणारा माणूस गेल्यावरच परत यायचे.

उरले मी एकटी. मग दोघांनी मलाच शिकवायचं ठरवलं. पनवेलच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. सोडियम क्लोराइड हा शब्द आमच्या घरात मी आणला. वडिलांना समजावून सांगितला, तर म्हणाले, "नाव काय पन असू दे, पाठीवर तेवढंच जड."

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये नोकरी लागली. लग्न उशिरा झालं. सासरचं गाव विमानतळाच्या जमिनीत गेलेलं, म्हणून सासरी उलव्याला फ्लॅट. खाली खडी, वाळू, क्रेन, डंपर. वर आमचं बिऱ्हाड. सासूबाई फ्लॅटच्या गॅलरीत बोंबील वाळत घालायच्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी त्यावरून रोज भांडायच्या. सासऱ्यांना मी आबा म्हणते. त्यांना हार्टचा झटका येऊन गेला होता, एक स्टेंट बसवला होता. रात्रीचं जेवण झालं की ते स्टीलच्या डब्यातून आपली गोळी काढायचे, उजेडाकडे धरून बघायचे, "चल गो बाय, आत" असं तिला म्हणायचे आणि गिळायचे. हा कार्यक्रम सगळ्या घराने बघायचा असा त्यांचा आग्रह असे.

वर्षं जात होती आणि मला दिवस जात नव्हते. सासूबाई तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण शेजारणींशी बोलताना आवाज एवढा मोठा ठेवायच्या की मला ऐकू यावं. मग एकदाची बातमी आली. आबांनी पूर्ण मजल्यावर पेढे वाटले. माझ्या आईने फोनवर एवढंच विचारलं, "केस बांधून जातेस ना कामाला?"

पनवेलला ज्या डॉक्टरीणबाईंकडे मी नाव घातलं, त्या माझ्यापेक्षा लहान असाव्यात. बोलायला झटपट. सगळं विचारून झालं, मग म्हणाल्या, "आईला किंवा बहिणीला गरोदरपणात बीपीचा त्रास?"

"बहीण नाही. आईला बीपी नव्हतं," मी म्हणाले. "आईला बाहेरचं लागलं होतं."

बोलून गेले आणि स्वतःच थबकले. लॅबमध्ये मी दिवसभर मोजमाप करते, आणि घरातली गोष्ट मात्र घरातल्याच शब्दांत जशीच्या तशी ठेवून दिली होती. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"झटके आले होते?"

"हो."

"पाय सुजलेले? डोकं दुखायचं? डोळ्यांपुढे चमकायचं?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुमच्या आईला काही लागलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तिचं बीपी वाढलं होतं. कोणी मोजलं नाही एवढंच."

मला ते वाक्य पचवायला वेळ लागला.

मग त्यांनी समजावलं. बाळाला पोसणारी जी वार असते, तिच्या रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत नीट रुजल्या नाहीत तर पुढे बाईचं बीपी चढू शकतं. ते मूत्रपिंडाला, डोळ्यांना, मेंदूला त्रास देतं, बाळाची वाढ अडवतं. माझं पहिलंच बाळंतपण, वय पस्तिशीला टेकलेलं, त्यात आईला होऊन गेलेलं. म्हणून मला धोका जास्त. त्यावर एक साधी, स्वस्त गोळी होती. कमी ताकदीची अ‍ॅस्पिरिन. तिसरा महिना संपला की सुरू करायची, रोज रात्री घ्यायची, शेवटच्या महिन्याच्या आसपास त्या सांगतील तेव्हा बंद करायची.

"याने होणारच नाही?" मी विचारलं.

"हमी नाही देत. धोका कमी होतो, आणि झालंच तर बरेचदा उशिरा होतं. तेवढे दिवस बाळाला मिळतात. पण गोळी चुकवायची नाही, आणि बीपी मोजणं सोडायचं नाही."

मला हे उत्तर आवडलं. हमी देणाऱ्या माणसांनीच आमच्या घरात लिंबू कापलं होतं.

गोळी सुरू केली आणि घरात नाटक सुरू झालं. सासूबाई माझ्या टेबलावरची धूळ पुसत होत्या. स्ट्रिप हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि ओरडल्या, "जल्लां, ही तं तुज्या सासऱ्याची गोली!"

"नाही आई, माझीच आहे. डॉक्टरांनी दिली."

"तुजं हार्ट बिगारलंय?"

हॉलमधून आबांचा आवाज आला, "आयला! सूनबायला पन स्टेंट टाकला काय? मना कोनी सांगितलं नाय!"

मी समजावलं. सासूबाईंना पटलं नाही. त्या खाली मेडिकलवाल्याला विचारून आल्या, तर तो म्हणाला, ही गोळी हृदयाच्या पेशंटची, रक्त पातळ करते. झालं. "पोटान पोर हाय नि रगत पातल करतेस? उद्या काय झालं म्हंजे?" त्यांचा जीव तुटत होता हे मला दिसत होतं. इतक्या वर्षांनी घरात पाळणा हलणार, त्यात सुनेला म्हाताऱ्याचं औषध. त्यांच्या जागी मी असते तर मलाही धडकी भरली असती.

त्याच रात्री माझी स्ट्रिप टेबलावरून गायब. मी घरभर शोधत होते. तेवढ्यात जेवण आटोपून आबांनी आपला डबा उघडला आणि म्हणाले, "आज माज्या डब्यान पिलं झालीत. काल एक पाकीट व्हतं, आज दोन हायत."

सासूबाई भांडी घासत राहिल्या. पाठ फिरवून.

आबा उठले, मला एक गोळी दिली, स्वतः एक घेतली. "उद्या तिगं जाऊ," ते बायकोच्या पाठीला म्हणाले. "डॉक्टरीणबायला तूच विचार. ती नको म्हनली तं नको. पन ती हो म्हनली तं तू गप."

"नि तुमी?"

"मी गप बसन्यासाठी जन्मलोच नाय."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. दवाखान्यात सासूबाईंनी पदर खोचला आणि विचारलं, "बाय, तुमी शिकलेल्या. मना सांगा, म्हाताऱ्याची गोली पोटुशीला कशी चालंल?"

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, "मावशी, एकाच विळीवर तुम्ही मासळी कापता आणि भाजीही चिरता ना? काकांच्या हृदयाच्या नळीत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ती गोळी. हिच्या वारेकडे रक्त नीट जावं म्हणून तीच गोळी. मात्रा कमी आहे, मी लक्ष ठेवून आहे."

सासूबाईंनी विचार केला. "माजी मासलीची विली येगली हाय," त्या म्हणाल्या. पण मग हसल्या, आणि वर म्हणाल्या, "बरं. द्या."

घरी आल्यावर त्या चक्क पहारेकरी झाल्या. रात्रीचं जेवण झालं की आबा हाक मारायचे, "सूनबाय, चल, आपली गोली." आम्ही दोघं सोफ्यावर शेजारी बसायचो, ते आपली गोळी उजेडाकडे धरायचे, मीही धरायचे. सासूबाई दोघांच्या हातांत पाण्याचे पेले द्यायच्या आणि गिळून होईपर्यंत समोर उभ्या. नवरा म्हणायचा, "मला पण काहीतरी द्या रे, मीच एकटा निरोगी राहिलोय."

आबांना तर या गोळीचा एवढा अभिमान चढला की त्यांनी खालच्या मजल्यावरच्या पोटुश्या बाईला, "आमची सून घेते, तू पन घे" म्हणून सुचवलं. मी पळत खाली गेले. "आबा, ही पेढ्यासारखी वाटायची नाही. ज्या बाईला डॉक्टर सांगतील तिनेच घ्यायची. सगळ्यांना लागत नाही, काहींना चालतही नाही." ते ओशाळले, मग त्या बाईला म्हणाले, "बीपी तरी मोजून घे गो. त्याला पैसा नाय लागत."

सातव्या महिन्यात माझी आई ओटी भरायला आली. मी तिला फोनवर बरेचदा सांगायचा प्रयत्न केला होता की तुला काही लागलं नव्हतं, तो आजार होता. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "सोर तो विषय." येताना तिने माझ्यासाठी काळा दोरा आणला होता. मी बांधून घेतला. दोऱ्याशी माझं भांडण नव्हतं.

ओटीच्या आदल्या दिवशी माझी तपासणी होती. आई सोबत आली. डॉक्टरीणबाईंनी बीपी घेतलं, पुन्हा घेतलं. थोडं वर गेलं होतं. मग माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला.

आई खुर्चीतून उठून पुढे आली. तो खळगा बघत राहिली.

"डोकं दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

"लय," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"लय दुकायचं," आई म्हणाली. "डोल्यांसमोर चमकायचं. मना वाटलं मिठाचं ऊन. हिते वर, छातीखाली पन दुकायचं. पाय असेच व्हते माजे. असंच बोट रुतायचं. समद्यांना वाटायचं मिठान उभी रहाते."

डॉक्टरीणबाईंनी बीपीचा पट्टा गुंडाळून बाजूला ठेवला.

"मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला डोकेदुखी नाही, डोळ्यांना त्रास नाही. लघवी तपासू, रक्त तपासू. बीपीची एक गोळी आजपासून सुरू करते, ती बाळाला चालते. तुम्हाला जे झालं ते असंच सुरू झालं होतं. तेव्हा कोणी बीपी मोजलं असतं तर उपाय करता आले असते."

"मंग माजे केस मोकले व्हते, त्यान काय नाय?"

"केसांचा काही संबंध नाही."

आई खाली बसली. रडली नाही. मला म्हणाली, "तुजी आजी जित्ती पायजे व्हती आज." त्या सुरात राग होता, आणि मला तो ऐकून इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. आयुष्यभर तिने तो राग स्वतःवर काढला होता.

रिपोर्ट त्या दिवशी ठीक आले. दुसऱ्या दिवशी ओटी भरली. हिरवी साडी, गजरे, पुरणाच्या पोळ्या, आणि गावाकडच्या बाया. वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, चिरनेरहून आली होती. बांधावर "खाडीवरचं लागलं" असं म्हणणारी तीच होती. ती माझे पाय बघून म्हणाली, "पाय भरलेत. पोरगाच होनार बग." आणि मग टेबलावरच्या गोळ्या बघून, "एवढ्या गोल्या? पोर कालं होईल गो. आमी काय खाल्लं व्हतं? नि आमची झाली नाय का?"

बाया हसल्या. आई नारळ हातात घेऊन माझ्यासमोर उभी होती. ती वळली.

"वन्सं, तुमची झाली," आई म्हणाली. "माजा नाय झाला."

हसणं थांबलं.

"तुमी बोलल्या खाडीवरचं लागलं. मी मानलं. खाडीवरचं काय नव्हतं. बीपी व्हतं. माजी पोरगी शिकली म्हनून मना कललं. आता पोर कालं होऊ दे नायतं निलं होऊ दे, जित्तं होऊ दे. गोली कोनी बंद केली तं मी तिच्या घरी येऊन बसेन."

माझ्या आईने नणंदेपुढे आवाज चढवलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आत्याने पदराने तोंड पुसलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "नि मी पन येईन विहीनबायसंगं." आबा बायकांच्या कार्यक्रमात नसतानाही आतल्या खोलीतून बोललेच, "मी पन!" सगळ्या पुन्हा हसल्या, आणि या वेळी आत्याही हसली. जाताना तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "माज्या नातसुनेला तिसरा म्हयना लागलाय. तिला कुटं दाखवू?" मी दवाखान्याचा पत्ता दिला.

आई गावी परत गेलीच नाही. वडीलही बॅग घेऊन आले. घरात बीपीचं मशीन आणलं होतं. आईला लिहितावाचता येत नाही, पण आकडे येतात. मिठाच्या राशी मोजून आलेले. ती रोज माझ्या दंडाला पट्टा बांधायची आणि वरचा आकडा आवडला नाही तर माझ्या नवऱ्याला हाक मारायची, "जावयबापू, गारी काडा." दोनदा आम्ही उगाच जाऊन आलो. डॉक्टरीणबाई एकदाही चिडल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "असंच येत जा."

नववा महिना लागला, मग एक दिवस आकडा खरंच वर गेला. दुसऱ्यांदा घेतला, तरी वर. डोकंही जड होतं. मी केस बांधायला कंगवा घेतला, तो आईने काढून घेतला. "केस तसेच राहू दे, चल," ती म्हणाली. तिचे स्वतःचे केस नुकते धुतलेले, मोकळे होते. ते बांधायलाही न थांबता ती तशीच गाडीत बसली. उलव्याचं ते दुपारचं धुळकट ऊन, डंपरच्या मागे अडकलेली गाडी, आणि मोकळ्या केसांची माझी आई खिडकीतून डंपरवाल्याला हात करून ओरडतेय, "बाजूला घे रं, पोटुशी हाय गारीन!" हे चित्र मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दवाखान्यात मला लगेच भरती केलं. बीपी उतरवायचं औषध दिलं. झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून वेगळं औषध सुरू केलं; अंगातून गरम वाफ गेल्यासारखं वाटलं, घाम फुटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवस जवळजवळ भरलेत. आता थांबायचं कारण नाही. बाळ तयार आहे." मला त्या वेळी आठवलं ते त्यांचं पहिल्या दिवसाचं बोलणं. झालंच तर उशिरा होतं, तेवढे दिवस बाळाला मिळतात. माझ्या आईला सातव्या महिन्यात गाठलं, मला नवव्यात. मधले सगळे दिवस माझ्या बाळाने पोटात काढले, वजन घेतलं, फुप्फुसं पिकवली. हे एकट्या गोळीने केलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मी लॅबमधली बाई आहे, एका नमुन्यावरून निकाल देत नाही. पण ती गोळी, ते मोजणं, वेळेवर निघालेली ती गाडी, हे सगळं आईच्या वेळी नव्हतं आणि माझ्या वेळी होतं.

मुलगी झाली. बाहेर ऐकू जाईल एवढी रडली. आबा कॉरिडॉरमध्ये नर्सला विचारत होते, "तिला कंची गोली लागंल?"

बाळंतपणानंतरही धोका असतो म्हणून मला काही दिवस ठेवून घेतलं, बीपी बघत राहिले. ते हळूहळू खाली आलं. घरी सोडलं त्या दिवशी माझ्या पायांत माझ्या नेहमीच्या चपला बसल्या. आईने नातीला घेतलं, तिचे हात पाहिले, पाय पाहिले, आणि पायाला बोट लावून म्हणाली, "बग, खलगा नाय."

आत्याच्या नातसुनेलाही तपासलं. तिला त्या गोळीची गरज नव्हती. तिचं बीपी मात्र दर महिन्याला मोजलं जातं, आत्या स्वतः घेऊन येते.

माझ्या आईला जे भोगावं लागलं ते मला भोगावं लागलं नाही. मला एकही झटका आला नाही. माझी मुलगी जवळजवळ दिवस भरून, जिवंत जन्मली, आणि आम्ही दोघी धडधाकट घरी आलो.